समाजशास्त्राचा तास उलटा करताना

समाजशास्त्राच्या बहुतेक तासांना एक ठरलेली चाल असते. शिक्षक संकल्पनेची व्याख्या सांगतात, मग वैशिष्ट्यं, मग प्रकार. विद्यार्थी उतरवून घेतात. 'भूमिका-संघर्ष (एकाच माणसाच्या दोन भूमिकांची ओढाताण) म्हणजे काय' हे वहीत येतं, घंटा होते आणि जाता जाता सांगितलं जातं, "सोदाहरण स्पष्ट करा, उद्या लिहून आणा." म्हणजे जे वाचून कळण्यासारखं होतं ते सगळ्यांनी मिळून, शिक्षकांच्या देखत केलं. आणि जे खरोखर अवघड, ती संकल्पना जगण्याला लावून बघणं, ते विद्यार्थ्याने घरी एकट्याने करायचं. तिथे अडलं तर विचारायला कुणी नसतं. मग तो पुस्तकातलंच उदाहरण शब्द फिरवून लिहून आणतो, आणि त्याला गुणही मिळतात.

फ्लिप्ड लर्निंगमध्ये या दोन कामांची अदलाबदल होते. व्याख्या, पार्श्वभूमी, विचारवंताची मूळ मांडणी हे विद्यार्थी तासाला येण्याआधीच बघून, ऐकून किंवा वाचून येतो. तास मोकळा राहतो तो उदाहरणं तपासायला, आकडे चाळायला, एकमेकांशी वाद घालायला आणि जिथे गाडी अडते तिथे शिक्षकांची मदत घ्यायला.

ही पद्धत रसायनशास्त्राच्या वर्गात सुरू झाली असं सहसा सांगितलं जातं. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या वुडलंड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये आपले पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली, कारण मुलांचे तास बुडत होते. पण त्याच्याही आधी, २००० साली, ओहायोमधल्या मायामी विद्यापीठातल्या मॉरीन लेज, ग्लेन प्लॅट आणि मायकेल ट्रेग्लिया या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलट्या वर्गावर निबंध लिहिला होता. त्यांचा भर वेगवेगळ्या तऱ्हेने शिकणाऱ्या सगळ्यांना वर्गात सामावून घेण्यावर होता. प्रत्येकाची 'शिकण्याची शैली' ठरलेली असते ही त्यांची धारणा पुढच्या संशोधनात फारशी टिकली नाही, पण कुणाला बाहेर ठेवायचं नाही हा हेतू आजही महत्त्वाचा आहे. सामाजिक शास्त्रांना ही पद्धत बाहेरून आलेली नाही, हे मला म्हणूनच आवर्जून सांगावंसं वाटतं.

घरी व्हिडिओ बघायला सांगितला की झालं फ्लिप्ड लर्निंग, असा एक मोठा गैरसमज आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या फ्लिप्ड लर्निंग नेटवर्कने २०१४ मध्ये व्याख्या करताना हा फरक मुद्दाम स्पष्ट केला. नुसता गृहपाठ आणि व्याख्यान यांची जागा बदलली तर तो उलटा वर्ग झाला. उलटं शिकणं तेव्हा होतं जेव्हा मोकळ्या झालेल्या तासात विद्यार्थी संकल्पना वापरून काहीतरी करतात. व्हिडिओ बनवण्यात महिने घालवणारे आणि तासात काय करायचं याचा विचार आदल्या रात्री करणारे बरेच असतात. खरी मेहनत उलट्या बाजूला लागते.

समाजशास्त्रात याचं मोल जास्त का

भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा आहे. समाजशास्त्राची प्रयोगशाळा वर्गाबाहेर आहे, आणि तिचा एक छोटा तुकडा रोज बाकांवर येऊन बसतो. एकाच वर्गात कुणाच्या घरी शिकलेली तिसरी पिढी असते, कुणी घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं असतं. कुणी सकाळी काम करून येतं. कुणाला घरातल्या निर्णयात मत विचारलं जातं, कुणाला नाही. व्याख्यान चालू असताना ही सगळी माणसं एका दिशेला तोंड करून गप्प बसलेली असतात. त्यांच्यातला फरक हा विषयाचा कच्चा माल आहे, आणि तो व्याख्यानात वाया जातो.

एक तास जवळून पाहू. विषय आहे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेली समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न यांतला दुवा ओळखता आला पाहिजे. त्यांनी स्वतः दिलेलं उदाहरण बेरोजगारीचं आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य, त्याला मिळू शकणाऱ्या संधी बघाव्यात. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेका माणसाच्या स्वभावात उत्तर शोधणं व्यर्थ आहे; संधींची रचनाच मोडलेली आहे.

एवढं समजायला दोन पानं किंवा सात-आठ मिनिटांचा ऑडिओ पुरतो. हे तासाआधीचं काम. त्यासोबत एकच प्रश्न द्यायचा: "तुमच्या माहितीतल्या कुणाची तरी एक अडचण नाव न घेता चार ओळींत लिहा. ती त्या माणसाची अडचण आहे की समाजाचा प्रश्न, आणि तुम्ही हे कशावरून म्हणता?"

उत्तरं आदल्या संध्याकाळपर्यंत शिक्षकांकडे आलेली असावीत. ती वाचली की वर्ग कुठे उभा आहे ते दिसतं. काही जण सगळा दोष माणसावर टाकतात: त्याने मेहनत केली नाही, तिने जुळवून घेतलं नाही. काही जण दुसऱ्या टोकाला जातात: दोष समाजाचाच, विषय संपला. 'कशावरून' या शब्दाला फार थोडे भिडतात. तास तिथूनच सुरू करायचा. लिहिणाऱ्यांना आधी विचारून, ओळख पटणार नाही अशा बेताने तीन उत्तरं फळ्यावर घ्यायची. समजा त्यातलं एक आहे: "पदवी घेऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही."

आता गटांना विचारायचं ते 'तुम्हाला काय वाटतं' असं नाही. त्या प्रश्नावर नुसती मतं येतात. विचारायचं असं: "हे ठरवायला तुम्हाला नेमका कोणता आकडा लागेल?" पहिला गट म्हणतो, देशातला बेरोजगारीचा दर. दुसरा म्हणतो, तो दर सगळ्या वयांचा, आपल्याला याच वयाचा हवा. तिसरा म्हणतो, याच शाखेच्या पदवीधरांचा, आणि दहा वर्षांपूर्वीचाही, नाहीतर तुलना कशाशी करणार? मग कुणीतरी विचारतं, मुलींचा आणि मुलांचा वेगळा मिळेल का? आणि एखादी विद्यार्थिनी म्हणते की तिच्या बहिणीने कंटाळून नोकरी शोधणंच सोडलं, ती या आकड्यात येते का?

या क्षणी शिक्षकांनी तीन मिनिटं बोलायचं. बेरोजगारीच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय मोजणीत काम नसलेली, काम करायला तयार असलेली आणि काम शोधत असलेली व्यक्ती धरली जाते. शोधणं थांबवलं की ती व्यक्ती बेरोजगारांच्या आकड्यातून गळते. हेच वाक्य व्याख्यानाच्या ओघात आलं असतं तर एक टीप होऊन वहीत पडलं असतं. इथे ते एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं, आणि सगळ्या वर्गाला ते त्याच वेळी हवं असतं. व्याख्यान वाईट नाही; त्याची वेळ यावी लागते.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने आपल्या आधीच्या चार ओळी पुन्हा लिहायच्या. आधीच्या ओळी आणि नंतरच्या ओळी शेजारी ठेवल्या की शिक्षकांना कळतं काय बदललं, आणि विद्यार्थ्यालाही दिसतं.

तासाआधी काय द्यायचं

व्हिडिओ दिलाच पाहिजे असं नाही. दिला तर आटोपशीर असावा. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सर्वाधिक टिकून बघत होते. चाळीस मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान म्हणजे तेच जुनं व्याख्यान, फक्त आता प्रश्न विचारायची सोयही गेली.

समाजशास्त्रात व्हिडिओपेक्षा चांगला पर्याय हाताशी आहे: निरीक्षण. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी दाखवून दिलं की सार्वजनिक जागी अनोळखी माणसं एकमेकांची दखल तर घेतात, पण लगेच नजर काढूनही घेतात. लिफ्टमध्ये, रांगेत, बसमध्ये आपण सगळे हे शिष्टाचारी दुर्लक्ष सफाईने पाळतो आणि आपण ते पाळतोय हे आपल्याला ठाऊकही नसतं. यावर व्हिडिओ दाखवण्यापेक्षा विद्यार्थ्याला सांगावं: सार्वजनिक ठिकाणी दहा मिनिटं थांब, कोण कुणाकडे किती वेळ बघतं, नजरानजर झाली तर काय होतं, ते टिपून आण. कुणाचं नाव नको, फोटो नको, कुणाला अवघडल्यासारखं होईल असं टक लावून बघणं नको. दुसऱ्या दिवशी वर्गात तीस-चाळीस निरीक्षणं येतात. ती एकत्र मांडली की दिसतं, बघण्याचा हा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही. कुणाकडे बिनदिक्कत बघत राहता येतं, कुणी मान खाली घालायची, यात लिंग, वय, वर्ग, कपडे सगळं येतं. सत्तासंबंधांवरचा पुढचा घटक इथून आपोआप सुरू होतो.

समाजशास्त्रज्ञ हॅरल्ड गार्फिंकेल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरात पाहुण्या भाडेकरूसारखं वागायला लावलं होतं: अदबीने, कुणी विचारलं तरच बोलायचं. घरचे गोंधळले, चिडले. रोजच्या वागण्याखाली किती न बोललेले नियम असतात ते त्यातून उघडं पडलं. हा प्रयोग वर्गात सांगण्यासारखा जरूर आहे, पण आज गृहपाठ म्हणून मी देणार नाही. घरातली परिस्थिती कशी आहे हे आपल्याला माहीत नसताना विद्यार्थ्याला तिथला नियम मोडायला लावणं धोक्याचं ठरू शकतं. निरीक्षण पुरतं.

एक बरोबर उत्तर नसताना प्रश्न कसा विचारायचा

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक पद्धत रूढ केली. संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. शंभर-दीडशे जणांच्या, हलवता न येणाऱ्या बाकांच्या वर्गातही हे जमतं, कारण शेजारी तर प्रत्येकालाच असतो.

समाजशास्त्रात अडचण अशी की 'बरोबर पर्याय कोणता' हे बऱ्याचदा ठरवता येत नाही. मग शिक्षक एकतर पाठांतराचा प्रश्न विचारतात, नाहीतर सगळीच उत्तरं बरोबर म्हणून सोडून देतात. दोन्ही नकोत. मधला मार्ग आहे पुराव्याचा. "शिक्षणाने सामाजिक गतिशीलता (समाजातल्या एका स्तरातून दुसऱ्या स्तरात जाणं) वाढते" असं विधान द्या आणि चार प्रकारची माहिती द्या. विचारा: यातली कोणती माहिती खरी निघाली तर या विधानाला सर्वांत जास्त धक्का बसेल? आता मत काहीही असो, विद्यार्थ्याला विधान आणि पुरावा यांचं नातं तपासावंच लागतं. समाजशास्त्रज्ञ करतात ते काम हेच.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास याच रीतीने घेता येतो. अत्यंत खासगी वाटणाऱ्या कृतीचे दरही समाजागणिक वेगळे आणि बरेचसे स्थिर असतात, हा त्यांचा मुद्दा घरून वाचून यायचा. वर्गात एका गटाने द्यूरकेम यांची बाजू मांडायची आणि दुसऱ्याने विचारायचं की मुळात हे सरकारी आकडे तयार कसे होतात, मृत्यूची नोंद 'आत्महत्या' अशी कोण करतं, कुठल्या समाजात ती नोंद टाळली जाते. समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. मात्र हा विषय घेण्याआधी वर्गाला कल्पना द्यावी, आणि कुणाला त्या दिवशी वेगळं काम हवं असेल तर कारण न विचारता द्यावं.

उलटा वर्ग कुणाच्या जिवावर

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप समाजशास्त्रीयच आहे. तासाआधीचं काम घरी होतं, आणि घरं सारखी नसतात. कुणाकडे स्वतःची खोली, स्वतःचा लॅपटॉप आणि मोकळी संध्याकाळ असते. कुणी एक मोबाइल तिघांत वापरतं, कुणी संध्याकाळी कामावर जातं, कुणी धाकट्यांना सांभाळतं. वर्गातल्या व्याख्यानात निदान सगळ्यांना समान वेळ तरी मिळत होता. तो घराच्या भरवशावर सोडला तर जो आधीच मागे आहे तो आणखी मागे पडेल.

चर्चेतही तेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल (घरातून मिळालेली भाषा, सवयी, जाण) म्हटलं ते वर्गात सगळ्यांत आधी बोलण्याच्या आत्मविश्वासातून दिसतं. शाळेची भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांचे हात आधी वर होतात. 'चर्चा करा' म्हणून सोडून दिलं तर तेच चार-पाच जण बोलतील आणि बाकीचे आता शिक्षकांऐवजी त्यांचं व्याख्यान ऐकतील.

म्हणून काही गोष्टी मी पद्धतीचा भागच मानतो. तासाआधीचं काम वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जाता कामा नये. ते छापील पानावर किंवा इंटरनेटशिवाय चालणाऱ्या फाइलमध्येही मिळालं पाहिजे. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी कॉलेजात जागा आणि वेळ हवा. आणि वर्गात बोलण्याआधी सगळ्यांनी दोन मिनिटं लिहायचं, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांसमोर. लिहून झालं की गप्प बसणाऱ्यांकडेही वाचून दाखवण्यासारखं काहीतरी असतं.

विषमता शिकवताना एक खेळ अनेक ठिकाणी घेतला जातो. सगळ्यांना एका रेषेवर उभं करून "तुमच्या घरी पुस्तकं होती का, असतील तर एक पाऊल पुढे" असे प्रश्न विचारले जातात. शेवटी काही जण खूप पुढे आणि काही मागे उभे राहतात. पुढे उभ्या असलेल्यांना त्यातून धडा मिळतो, पण त्याची किंमत मागे उभे असलेले मोजतात. त्यांची गरिबी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडली जाते. त्यापेक्षा काल्पनिक व्यक्तींची माहिती लिहिलेली कार्डं वाटावीत आणि प्रत्येकाने त्या व्यक्तीच्या वतीने पाऊल टाकावं. तसंच वर्गातल्या कुणालाही "तुमच्या समाजात हे कसं असतं, सांग" असं विचारू नये. स्वतःहून सांगितलं तर ऐकावं. तो विद्यार्थी आहे, कुठल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून आलेला नाही.

याने खरंच फरक पडतो का

तासात विद्यार्थ्यांना करायला लावणाऱ्या पद्धतींबद्दल भरपूर संशोधन झालंय, पण बरंचसं विज्ञान, तंत्रज्ञान, गणित या विषयांतलं. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, सक्रिय शिक्षणाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के. हे आकडे जसेच्या तसे समाजशास्त्राला लावू नयेत. आपण आपल्या विद्यार्थ्यांना पुरावा मागायला शिकवतो, तर स्वतःलाही तोच नियम हवा.

हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा एक अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतो. सक्रिय वर्गातले विद्यार्थी चाचणीत जास्त शिकलेले दिसले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना अडखळणं जाणवतं. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत "सर, तुम्ही शिकवतच नाही" अशी तक्रार येणार हे धरून चालावं, आणि असं का वाटतं ते वर्गाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

दुसरी हमखास येणारी अडचण म्हणजे काहीही न वाचताच तासाला येऊन बसणारे विद्यार्थी. त्यांच्यासाठी तासाच्या सुरुवातीला सगळा भाग पुन्हा सांगितला तर पुढच्या वेळी वाचलेलेही वाचून येणार नाहीत. त्याऐवजी वर्गाच्या एका बाजूला छापील पानं ठेवावीत. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पहिली दहा मिनिटं तिथे बसून वाचावं, बाकीच्यांनी काम सुरू करावं. शिक्षा नाही, अपमान नाही, आणि तास कुणासाठी थांबतही नाही.

सगळं उलटं करायचीही गरज नाही. वेबर यांचं आदर्श प्रारूप (वास्तव तपासण्यासाठी रचलेला शुद्ध नमुना) किंवा मार्क्स यांची परात्मता (कामगाराचं स्वतःच्याच श्रमापासून तुटलेपण) घरी एकट्याने पहिल्यांदा वाचली तर अनेकांच्या मनात चुकीचा अर्थ पक्का बसतो. असे उतारे वर्गात एकत्र, परिच्छेद परिच्छेद करून वाचावेत. कुटुंब, दर्जा, भूमिका, सामाजिक नियंत्रण, विषमतेची मोजमापं हे घटक मात्र उलट्या तासाला चांगले मानवतात, कारण त्यांची उदाहरणं प्रत्येकाच्या जगण्यात सापडतात.

आणि प्रश्नपत्रिका. वर्षभर पुरावे तपासायला लावून शेवटी "व्याख्या सांगा, वैशिष्ट्ये लिहा" एवढंच विचारलं तर विद्यार्थी दुसऱ्या सत्रात सरळ गाइड उघडतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. अंतिम परीक्षा आपल्या हातात नसते, पण अंतर्गत गुण बहुतेक ठिकाणी असतात. ते आधीच्या आणि नंतरच्या चार ओळींना द्यावेत: पहिल्या मसुद्यात 'कशावरून' याचं उत्तर काय होतं, दुसऱ्यात काय आहे, आणि मधे कोणती माहिती पाहून मत बदललं किंवा बदललं नाही. सुरुवात एका सत्रात दोनच घटकांनी करावी. त्या दोन तासांचे प्रश्न, आलेली उत्तरं आणि कुठे वर्ग अडला याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी त्याच घटकाला अर्धी मेहनत लागते आणि उरलेला वेळ तिसऱ्या घटकाला देता येतो.